टरफलांची प्रयोगशाळा

सोमवार, ५ जानेवारी

सुट्टी संपून आज शाळा उघडली. प्रयोगशाळा मात्र उघडावी लागली नाही, ती आधीच उघडी पडली होती. सुट्टीतल्या वादळात छपराचे चार पत्रे उडाले, एक तुळई कपाटांवर पडली आणि कपाटं एकमेकांच्या अंगावर. बावीस वर्षं त्या कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते आहे. आज किल्ली लावायला दारच शिल्लक नव्हतं. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, ब्युरेट, दोन्ही तराजू, सगळ्यांचा मिळून एकच ढीग. मी त्या ढिगासमोर खुर्ची टाकून बसले आणि चक्क रडले. शिपायाने पाहिलं. पाहू दे.

वाचलं काय, तर एक थर्मामीटर, एक स्टॉपवॉच, पत्र्याचे चार डबे आणि माझी जुनी रजिस्टरं ठेवायचा लाकडी पेटारा. मुख्याध्यापकांना विचारलं, नवं साहित्य कधी? ते भाषेचे शिक्षक आहेत, वाईट बातमी फार सुंदर शब्दांत सांगतात. पाच मिनिटं बोलले. त्याचा अर्थ, पुढच्या वर्षी.

शुक्रवार, ९ जानेवारी

परीक्षा मंडळाचं पत्र आलं. आमच्याकडे प्रयोगशाळा उरली नसल्यामुळे दहावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकाचं केंद्र बावीस किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत हलवण्यात येत आहे. खाली बारीक अक्षरात एक सवलत: तेरा फेब्रुवारीला तपासनीस येतील. त्या दिवशी शाळेने बारा प्रयोग करून दाखवले, आणि ते शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळलेले असले, तर केंद्र इथेच राहील.

परीक्षा सकाळी नऊला सुरू होते. आमच्याकडून निघणारी पहिली बस तिथे साडेदहाला पोचते. शेजारच्या शाळेचं केंद्र दोन वर्षांपूर्वी असंच हललं, तेव्हा त्यांची अकरा मुलं गैरहजर राहिली आणि अकराही विज्ञानात नापास. माझ्या वर्गात अडतीस आहेत. त्यातलं एक माझं स्वतःचं.

शाळेत ती मला बाई म्हणते आणि मी तिला रोल नंबर एकतीस. तसं ठरलंच आहे आमचं. मागच्या वर्षी तिने एका आठवड्यात दोन ब्युरेट आणि एक चंबू फोडला, तेव्हापासून मी तिला साहित्याला हात लावू देत नाही. शेवटच्या बाकावर बसायचं आणि बाकीच्यांची निरीक्षणं लिहायची. हाताला शिस्त नाही पोरीच्या. स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको. आणि कोणी म्हटलेलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी

छपरावर ताडपत्री बांधून घेतली. दहावीच्या वर्गाला सगळं खरं खरं सांगितलं. म्हटलं, बुधवारी येताना घरात, अंगणात जे काही पडलेलं असेल ते घेऊन या. बाटल्या, डबे, चमचे, काहीही. त्यातून बघू काय जमतं ते.

बोलताना आवाजात दम आणला होता. आत मात्र दम नव्हता.

बुधवार, १४ जानेवारी

आज माझी फजिती झाली आणि मला ती आवडली. असं का झालं ते नीट लिहून ठेवते.

वर्गात शिरले तर टेबलावर शेंगांच्या टरफलांचं पोतं. शेजारी मक्याच्या ताटांचा भारा, दाणे काढलेल्या कणसांची टोपली, गव्हाच्या काडाची पेंढी. अडतीस चेहरे अगदी साळसूद.

"हे काय आहे?"

मॉनिटर उभा राहिला. "बाई, तुम्ही म्हणालात ना, अंगणात पडलंय ते आणा. सगळ्यांच्या अंगणात हेच पडलंय."

"ही प्रयोगशाळा आहे, गोठा नाही."

"सध्या दोन्ही नाही, बाई," मागून कोणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर सगळ्या माना खाली. एकतीस नंबर मन लावून वहीत काहीतरी लिहीत होती.

मला राग आला, आणि राग आला की मी शिकवायला लागते. म्हटलं, छान, आणलंत ना, आता यावरच बोला. टरफल पाण्यात तरंगेल की बुडेल? अर्धा वर्ग म्हणाला तरंगेल. अर्धा म्हणाला, रात्रभर भिजलं की बुडेल, आमच्या हौदात बुडतं. मग वजन तेवढंच असताना असं का? तेवढंच कुठे, आत पाणी शिरलं ना. मग पाणी आधी जिथे नव्हतं, तिथे काय होतं? हवा. हवेला वजन असतं? एक मुलगा आणि एक मुलगी इतके हमरीतुमरीवर आले की मी खाली बसले. तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

बावीस वर्षांत माझ्या वर्गात घंटेनंतर कोणी थांबलेलं नाही. मी सुद्धा.

शनिवार, १७ जानेवारी

चार प्रयोग झाले. तरंगणं-बुडणं हा एक. मक्याच्या कणसाची राख पाण्यात कालवून गाळली आणि हळदीचा कागद त्यात बुडवला, तो लालभडक झाला. हा दुसरा. मक्याचं ताट शाईच्या पाण्यात उभं केलं, शाई आतल्या धाग्यांतून कशी वर चढते ते आडवं कापून पाहिलं. हा तिसरा. गरम पाण्याचे दोन डबे, एक उघडा आणि एक काडाच्या पेंढीत गुंडाळलेला. उघडा तासाभरात निवला. पेंढीतल्याने बोट भाजलं. हा चौथा, आणि बोट माझं.

घरी मात्र वेगळीच तऱ्हा. शिवणाच्या डबीतल्या सुया नाहीशा होत आहेत. सात होत्या, आता दोन उरल्या. कन्या रोज दिवेलागणीला घरी येते. विचारलं तर मैत्रिणीकडे गेले होते. आज बाही जळलेली आणि नखांत काजळी. म्हटलं, मैत्रीण काय भट्टी चालवते का? तर बाही दुमडून जेवायला बसली. आमचे हे पाण्याचे पंप दुरुस्त करतात, घराला लागूनच त्यांची शेड आहे. ते जेवता जेवता खोकायला लागले. त्यांना पाणी दिलं. परीक्षा तोंडावर आली आणि या मुलीला वाईट संगत लागली की काय, देव जाणे.

बुधवार, २१ जानेवारी

आज मी केलेला गाढवपणा.

शनिवारी मी सगळं काड धुऊन घेतलं होतं, कारण त्याची धूळ मला सहन होत नाही. मुलांनी ते उन्हात पसरलं. पण उन्हात पसरलेली वस्तू म्हणजे चोरीला जाणारी वस्तू, हा माझा स्वभाव. मी ते ओलंच उचलून पेटाऱ्यात दाबून दाबून भरलं आणि वर कुलूप लावलं. गव्हाचं काड कुलपात. हे ऐकून यांना हसता हसता ठसका लागला.

आज पेटारा उघडला तर आतून वाफ. खरीखुरी वाफ, आणि वास असा की पहिल्या रांगेने ओढण्या नाकाला लावल्या. मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालले होते. त्यांना धूर वाटला. ते स्वतः पाण्याची बादली घेऊन धावत आले. मी बादलीच्या आणि पेटाऱ्याच्या मध्ये उभी राहून सांगत होते, आग नाही, माझी चूक आहे, सगळं नासलं, फेकून द्या. मुलं पेटाऱ्याभोवती गोळा झाली होती. तेवढ्यात त्या गर्दीतून आवाज आला, "एकावन्न. बाहेर चोवीस आहे, आत एकावन्न."

माझ्या टेबलावरचा थर्मामीटर जागेवर नव्हता. कोणी उचलला ते या गोंधळात कळलं नाही. आवाज ओळखीचा वाटला, पण मी आधी ओरडले, सांभाळा, तो एकच आहे. पाठोपाठ थर्मामीटर हातोहात माझ्याकडे परत आला, अगदी शाबूत.

मग मुख्याध्यापकांनी बादली खाली ठेवली आणि फार चांगला प्रश्न विचारला. "विस्तव नाही, ऊन नाही, मग उष्णता आली कुठून?" मी त्यांना मुलांमध्येच बसवलं. कुजवणारे जंतू, त्यांचं खाणं, त्यांचा श्वास, त्यातून निघणारी उष्णता, हा धडा मी बावीस वेळा शिकवला आहे. आज पहिल्यांदा त्याला वास होता. पेटारा आता रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचा ठरला आहे. कुलूप काढलं.

सात प्रयोग.

मंगळवार, २७ जानेवारी

सकाळी वर्ग उघडला तर टेबलावर तराजू.

गव्हाची एक लांब, सरळ काडी. तिच्या एका टोकात छोटा स्क्रू खोवलेला, मध्याच्या जरा अलीकडे आरपार सुई, आणि सुईची दोन टोकं मक्याच्या गाभ्याच्या दोन उभ्या तुकड्यांवर टेकलेली. काडीच्या दुसऱ्या टोकाला टरफलाची इवलीशी वाटी, मागे आकडे लिहिलेला कागद. मी फुंकर घातली तर काडी डोलली. वाटीत कागदाचा कपटा टाकला तर टोक खाली येऊन दोनच्या रेघेवर थांबलं. माझा जुना तराजू, देव त्याला शांती देवो, एवढ्याशा कपट्याला हिंग लावून विचारत नव्हता.

इतकं सुबक काम म्हणजे मॉनिटरच. त्याचं अक्षरही असंच आहे. वर्गासमोर त्याची पाठ थोपटली आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावाने नोंद केली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. किती लाजावं. वर्ग एकमेकांकडे बघत होता. मी म्हटलं, बघा, हाताला शिस्त असली की काय होतं. एकतीस नंबर खिडकीबाहेर पाहत होती. तिलाच ऐकवायचं होतं, तर हिचं लक्ष नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

मुख्याध्यापक चहाच्या सुट्टीत जवळ येऊन बसले. म्हणाले, "बाई, एक बोलू? मला सगळं पटतंय. पण तपासनीस काच बघायला येणार, आणि आपण त्यांना कचरा दाखवणार. हसले म्हणजे?"

मी त्यांना ठणकावून सांगितलं की हसू देत. पण इथे खोटं लिहून उपयोग नाही. मलाही तेच वाटतं. मी काचेची माणूस आहे. पारदर्शक नळीत जे निळं होतं ते विज्ञान, आणि टरफलात जे होतं ते वेळ मारून नेणं, असं माझं मन अजून म्हणतं. अडतीस मुलांना मी एका पोत्याच्या भरवशावर उभं करणार आहे, आणि फसलं तर ती बस साडेदहालाच पोचणार आहे.

त्यात घरी भांडण. यांच्या शेडमध्ये गेले तर बापलेक दोघं जमिनीवर बसलेले. हिच्या हातात ब्लेड, पुढ्यात मक्याची ताटं सोललेली. मला बघून तिने सगळं पोत्याखाली सारलं. म्हटलं, परीक्षेला सहा आठवडे राहिलेत आणि तुझे खेळ चाललेत? ती उठून गेली. हे म्हणाले, "तू शाळेत सगळ्यांना विचारतेस ना, हे कसं केलंस, ते कसं केलंस? हिला एकदा विचार."

टोमणा कळला मला. शाळेसाठी जीव टाकते आणि घराकडे लक्ष नाही, असंच ना? उद्यापासून मी यांच्याशी बोलणार नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बोलले. तीन दिवस म्हणजे फार होतात.

आणि आजचा दिवस असा होता की कोणाशी तरी बोलणं भागच होतं. सर्वांत जास्त उष्णता कोण देतं: कणीस, टरफल की सूर्यफुलाचा दांडा? समान वजनाचे तीन ढीग, पत्र्याचे तीन डबे, प्रत्येकात तेवढंच पाणी. वर्गाचे तीन पक्ष पडले. एकुलता एक थर्मामीटर तिन्ही डब्यांत फिरत होता आणि मुख्याध्यापक, जे केवळ डोकावायला आले होते, स्टॉपवॉच घेऊन टेबलावर चढले होते. दर मिनिटाला ते "वेळ" असं म्हणत, अगदी कविता म्हणावी तसं. कणसाच्या डब्यातल्या पाण्याला आधण आलं तेव्हा एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गाचा तास बंद पडला.

खिडकीत एका मुलीचे वडील उभे होते. ट्रॅक्टर बाहेर लावून आले होते. म्हणाले, "बाई, मी दरवर्षी हे बांधावर पेटवून देतो. यात एवढं असतं?"

"एवढं म्हणजे किती, ते काढायचंय अजून. या, बसा."

ते बसले, मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. आकडेमोड त्यांच्या लेकीने फळ्यावर केली आणि त्यांनी ती सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतली. मी इतकी आनंदात होते की घरी येताना वाटेत मोठ्याने हसले. समोरून येणाऱ्या टपालवाल्याने सायकल जरा बाजूला घेतली.

अकरा प्रयोग झाले. बारावा तराजू.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मॉनिटर म्हणतो, तराजू दुसऱ्या कोणाला दाखवायला सांगा. घसा बसलाय. म्हटलं, तराजूला घसा लागत नाही. तुझाच प्रयोग आहे, तूच करायचास. विनय चांगला, पण त्याचाही अतिरेक नको.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तपासनीस बरोबर दहाला आले. उंच, पूर्ण टक्कल, चष्मा दोरीला अडकवलेला, आणि चेहऱ्यावर एक रेघ हलेल तर शपथ. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं, टेबलांवरच्या टरफलांकडे पाहिलं, आणि एकच शब्द उच्चारला. "सुरू."

मुलांनी सुरू केलं. मुलांना जणू पाहुणा घर बघायला आला होता. पहिल्या तीन प्रयोगांना ते नुसते उभे राहिले. चौथ्याला त्यांनी पेंढीतल्या डब्यात बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. कुजलेल्या पेटाऱ्यापाशी ते खाली वाकले आणि तीन आठवड्यांचा तापमानाचा आलेख दोनदा पाहिला. "हे रोज कोण मोजत होतं?" सगळे म्हणाले, "आळीपाळीने." अकराव्यानंतर त्यांनी चष्मा पुसला. हसले नाहीत, पण कागदावर अकरा खुणा केल्या होत्या. त्या मी तिरक्या नजरेने मोजल्या.

मग तराजू. मॉनिटर पुढे आला. तपासनिसांनी विचारलं, "किती हलकी वस्तू मोजेल हा?"

"केस, सर," तो पुटपुटला.

"आणि वजनं कुठून आणलीत? मिलिग्रॅमची वजनं तर तुमच्याकडे नाहीत."

मॉनिटरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांग. त्याने वाटीला हात लावला, काडी सुईवरून घसरली आणि खाली पडली. तो म्हणाला, "बाई, हा माझा नाही. मी सांगणार होतो. हा मी केलेलाच नाही."

"मग कोणी केला?" तपासनिसांनी विचारलं.

सदतीस माना वळल्या, आणि मीही वळले. रोल नंबर एकतीस शेवटच्या बाकावरून उठून येत होती.

तिने काडी उचलली, सुई पाहिली, गाभ्याचा एक तुकडा नखाने जरासा दाबला आणि काडी परत बसवली. हात असे चालत होते की मी ते कधी पाहिलेच नव्हते. बोलत होती तपासनिसांशी, माझ्याकडे बघत नव्हती. "चौकटींचे शंभर कोरे कागद किराणा दुकानात तोलून आणले, सर. अर्धा किलो भरले. म्हणजे एक कागद पाच ग्रॅम. एका कागदात अडीच हजार चौकटी आहेत, मी मोजल्या. म्हणजे एक चौकट दोन मिलिग्रॅम. चौकटी कापून वजनं केली आणि रेघा मारल्या."

"केस मोजून दाखव."

तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि थांबली. वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. तपासनीस गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडून काही मदत होण्यासारखी नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, जरा वाका."

मी वाकले. तिने माझ्या कपाळावरून एक लांब पांढरा केस वेगळा केला आणि उपटला. दुखलं नाही. तिने तो बोटाभोवती गुंडाळून त्याचं वेटोळं केलं आणि टरफलाच्या वाटीत ठेवलं. काडी खाली झुकली, डोलली, थांबली. अडतीस मुलं श्वास रोखून होती, कारण श्वास सोडला असता तर काडी हलली असती.

"दीड मिलिग्रॅम," ती म्हणाली.

तपासनिसांनी वाकून रेघ वाचली. बराच वेळ वाचली. मग सरळ होऊन मला विचारलं, "हे तुमच्या देखरेखीखाली झालं? तुम्ही शिकवलंत?"

त्यांच्या कागदावर तो रकाना मला दिसत होता. 'हो' म्हटलं की बारावी खूण. मुख्याध्यापक त्यांच्या पाठीमागून माझ्याकडे बघून मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. अडतीस मुलं, बावीस किलोमीटर, साडेदहाची बस, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण ती तिथे उभी होती. तिच्या कामावर मी एकदा दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं. आता माझं लिहिणार होते का?

"नाही," मी म्हणाले. "मी हिला वर्षभर कशालाही हात लावू दिलेला नाही. ही माझी मुलगी आहे. मला वाटायचं हिच्या हाताला शिस्त नाही. मी चुकले."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

तपासनीस तिच्याकडे वळले. "मग कुठे शिकलीस?"

"इथेच, सर," ती म्हणाली. "बाईंनी मला निरीक्षणं लिहायला बसवलं होतं. वर्षभर मी सगळ्यांचे हात बघितले. कोण कुठे घाई करतं, कोणाचं का सांडतं, सगळं लिहिलंय." तिने वही पुढे केली. "बाईंनी प्रत्येक पानावर सही केलीय."

केली होती. न वाचता. त्यांनी वही चाळली, पान पान चाळली. एका पानावर त्यांच्या चेहऱ्यावरची ती रेघ हलली. नंतर कळलं, तिथे लिहिलं होतं, 'बाई चंबू धरताना श्वास रोखतात, म्हणून मुलं घाबरतात, म्हणून फुटतो.'

"प्रत्येक पानावर शिक्षकाची सही," तपासनीस म्हणाले. "देखरेख आणखी काय असते?" आणि त्यांनी बारावी खूण केली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

काल घरी आल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. मी म्हटलं, मला सांगायचं नाही का ग? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू सांभाळ सांभाळ म्हणाली असतीस." मग मला रडू आलं, आणि मला बघून तिला. हे दारात येऊन म्हणाले, दोघींनी मिळून पातेलं जाळलं आहे.

ते पोतं टेबलावर आणायची कल्पनाही तिचीच. वर्गातल्या अडतीसच्या अडतीस जणांना माहीत होतं. यांना माहीत होतं, सुया यांनीच दिल्या, आणि कणसं जाळून बघायला शेडही यांचीच. शिपायालाही माहीत होतं, रोज सकाळी वर्ग तोच उघडून द्यायचा. माहीत नव्हतं ते फक्त मला, जी निरीक्षण हा विषय शिकवते.

रजिस्टरमधलं मॉनिटरचं नाव खोडलं आणि खरं लिहिलं. मॉनिटरने माझे आभार मानले. म्हणाला, अठरा दिवस जेवण गेलं नव्हतं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पत्र आलं. केंद्र इथेच. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं. एरवी साध्या सूचनेलाही अलंकार घालणारा माणूस, पण आज दोन ओळी जशाच्या तशा वाचल्या आणि पत्र माझ्या हातात दिलं.

पत्रात आणखी एक ओळ आहे. परिसरातल्या सात शाळांचे विज्ञान शिक्षक सात मार्चला हे साहित्य करायला शिकण्यासाठी आमच्याकडे येतील. कोण शिकवणार ते लिहिलेलं नाही. मी लिहून कळवलं.

शनिवार, ७ मार्च

सात शिक्षक आले. त्यांत बावीस किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेचे सर होते, ज्यांच्या प्रयोगशाळेचा मला अनेक वर्षं हेवा वाटत आला आहे. त्यांनी दारातच हळू आवाजात मला सांगितलं की त्यांची कपाटं कायम बंद असतात. फुटेल म्हणून. मी त्यांचा हात हातात घेतला. ओळखीचं दुखणं होतं.

सगळे बाकांवर बसले. आठवी मी. प्रत्येकापुढे एक काडी, एक सुई, मक्याच्या गाभ्याचे दोन तुकडे. फळ्यापाशी माझी लेक. तिने सुई काडीत कशी घालायची ते एकदा करून दाखवलं आणि म्हणाली, आता तुम्ही.

मी काडी धरली. सुई टेकवली. घट्ट धरली, हळूच दाबली, आणि काडी मधोमध चिरली. माझे कान तापले. बाकीच्या सातांनी आपापल्या काड्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहू लागले, जसा माझा वर्ग पाहायचा.

ती बाकापाशी आली. चिरलेली काडी तिने बाजूला केली आणि माझ्यापुढे अख्खी पेंढी ठेवली.

"मोडू द्या, बाई," ती म्हणाली. "बाहेर शेत पडलंय. आणि श्वास घ्या."